पिवळी फुली

तालीम दहाला सुरू व्हायची आणि सर पावणेदहालाच खुर्ची अडवून बसलेले असायचे. लाकडी जमिनीचा लांबलचक हॉल, एका भिंतीला आरसे, आणि जमिनीवर चिकटपट्ट्यांनी आखलेलं घर. पांढऱ्या पट्ट्या म्हणजे भिंती, रंगीत फुल्या म्हणजे नटांच्या उभं राहायच्या जागा. ज्याचा त्याचा रंग ठरलेला. खऱ्या घरापेक्षा सरांचं आयुष्य असल्या पट्ट्यांच्या घरातच जास्त गेलं होतं.

दिग्दर्शक म्हणून ही त्यांची चौथी नाट्यसंस्था. आधीच्या तिन्ही त्यांनी डबघाईतून वर काढल्या, सत्कार घेतले, शाली कपाटात मावेनाशा झाल्या. दर नेमणुकीला बायकोला म्हणायचे, "एवढी एकच. मग आपण दोघं घरी निवांत." पहिल्यांदा ती हसली. दुसऱ्यांदा गप्प बसली. तिसऱ्या संस्थेत रंगीत तालीम चालू होती त्या सकाळी, घरात एकटी असतानाच ती गेली. तालमीत सरांचा फोन नेहमीच बंद. संध्याकाळी चालू केला तेव्हा सात कॉल येऊन गेलेले, सगळे 'घर' या नावाचे. पुढे त्यांनी घराला कुलूप घातलं, तिथला फोन काढून टाकला आणि स्वतःचा फोन बंद करणं कायमचं सोडलं.

आता ते संस्थेच्याच खोलीत राहायचे. सुट्टीचा दिवस त्यांना खायला उठायचा.

एका सकाळी आखलेल्या खिडकीपाशी पिवळी फुली दिसली.

"ही कोणाची?"

"आपली नाही, सर," व्यवस्थापिका म्हणाली. "पिवळी पट्टी आणायचीच नाही, असं तुम्हीच सांगितलंय ना?"

सांगितलं होतं खरं. उमेदवारीच्या दिवसांत तालमी त्यांच्या दोन खोल्यांतच चालायच्या. कोणी दांडी मारली की त्याच्या जागी बायको उभी राहायची, हातातलं काम टाकून. तिची फुली पिवळी.

सरांनी ती नखाने खरवडून काढली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा होती, खुर्चीच्या दिशेने एक पाऊल पुढे. आणि नट तिला वळसा घालून जात होते.

"बाई, सरळ या की. वळसा कशाला?"

"सरळ कशी येऊ, मध्ये ती..." ज्येष्ठ नटी बोलता बोलता थांबली. खाली बघून ओशाळली. "कुठे काय! वय झालं हो माझं."

सरांना भीती वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर बरं वाटलं. फुली खरवडणं त्यांनी सोडून दिलं. ती रोज एक पाऊल जवळ यायची, आणि सर रोज थोडे आणखी लवकर यायचे. कोणी नसताना दोन शब्द बोलायचे. तेवढीच सोबत.

मग पाचव्या संस्थेचं पत्र आलं. सगळ्यांत मोठी संस्था, संध्याकाळपर्यंत होकार हवा होता. सकाळी पत्र मांडीवर ठेवून ते बराच वेळ बसले. फुली आता पायांपासून हातभरच लांब होती.

"एवढी एकच," ते शेवटी म्हणाले.

रिकाम्या हॉलमध्ये कोणी हसलं नाही. त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी समोर फुली नव्हती. सरांनी खाली वाकून पाहिलं. ती खुर्चीखाली होती, बरोबर त्यांच्या दोन पावलांमध्ये.

"चला, सुरू करा."

कोणी हललं नाही.

ते पुन्हा म्हणाले, मोठ्याने.

ज्येष्ठ नटी सरळ त्यांच्या रोखाने आली, खुर्चीला वळसा घातला आणि पुढे गेली.

व्यवस्थापिकेने घड्याळ पाहिलं. "सर कधी उशीर करत नाहीत. थांबा, फोन लावते."

तिने फोन कानाला लावला. मग मान हलवली. "बंद आहे."

सरांच्या खिशात फोन वाजत होता. एकानेही वळून पाहिलं नाही.

त्यांनी तो बाहेर काढला. वर एकच शब्द होता. घर.