दुसरा आवाज

जयनगरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलात, कॉफीच्या रांगेत माझ्या पुढचा मुलगा काहीतरी गुणगुणत होता. चाल अशी नव्हतीच. दोन-तीन सुरांभोवती घुटमळणारं काहीतरी... आणि माझ्या अंगावर काटा आला.

"हा दुसरा आवाज आहे," मी बोलून गेले. "येलहंक्याच्या आमच्या चर्चमधल्या गाण्याचा!"

तो वळला. "आणि तू शमिका. माझ्या पुढे उभी राहायचीस."

"मराठी? या कानडी शहरात?"

"चामराजपेटचे आम्ही. शिवाजी महाराजांच्या आधीपासून इथेच, असं अज्जी म्हणते. मी श्रीहर्ष. आवाज फुटला आणि विमला टीचरनी मला गाण्यातून काढलं. आठवत नाही ना? सरी, असू दे. स्वल्प वाईट वाटलं, एवढंच."

मी हसले. कॉफी दोघांची त्यानंच आणली.

लहानपणी आम्ही दुसऱ्या आवाजाची मुलं खालचे सूर सांभाळायचो. मुख्य चाल बाकीच्या मुलांची. ती आम्ही कधी शिकलोच नाही. पण सगळे मिळून गायले की चर्च छतापर्यंत भरून जायचं, आणि ते भरणं आमचं होतं. याचा मला आजही अभिमान आहे. एकटीनं गायलं की मात्र लोक हसतात. ऑफिसच्या नाताळात हसले, तेव्हापासून मी गायलेच नव्हते.

शनिवारच्या कॉफ्या वाढत गेल्या. मग विमला टीचरच्या निरोपसमारंभाचं बोलावणं आलं. जुन्या मुलांनी एकेकट्यानं गायचं होतं.

"मी नाही जात," मी म्हटलं.

"घाबरलीस?"

"बेसूर म्हणतील. तेही टीचरसमोर."

त्यानं बोलावण्यावरची तारीख हातावर लिहून घेतली.

शेवटी गेले. डोळे मिटून माझेच सूर लावले. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं... पण मी थांबले नाही. आणि तेवढ्यात बाजूनं, जाड आवाजात, जरा चाचरत, मुख्य चाल आली. श्रीहर्ष! हसणं थांबलं. टीचरचा हात आपोआप ताल धरू लागला.

दोन सूर जुळले की हवेत काय होतं, हे मी फळ्यावर मांडून दाखवू शकते; ऑफिसात माझं काम ध्वनिलहरींचंच. तेव्हा मात्र मला नुसतं रडू येत होतं.

"ही चाल कधी शिकलास?" टाळ्यांमध्ये मी विचारलं.

"रोज सकाळी. आई म्हणते, आता कुठे माणसासारखा गातोस."

"पण आपला दुसरा आवाज सोडलास?"

"तुझा नीट ऐकू यावा म्हणून..." त्याचे कान लाल झाले होते.

मी त्याचा हात धरला आणि सगळ्यांच्या देखत त्याला पुढे घेऊन गेले.

"टीचर, हा श्रीहर्ष," मी म्हणाले. "माझा."