बयनाआत्यानं वाचलेले सहा आकडे

हे खरं घडलेलं आहे. ज्याच्यासोबत घडलं तो करण माझ्या सख्ख्या आत्याचा मुलगा. आदिलाबादला त्याचा फोटो स्टुडिओ आहे, आजही चालू आहे.

यात अमावस्येची रात्र नाही, स्मशान नाही. गेल्या दिवाळीतली लख्ख दुपार आहे, आणि जैनथ गावातल्या एका घराचं सारवलेलं अंगण.

म्हणूनच जास्त भीती वाटते.

करणचं घर बेला गावाजवळच्या एका खेड्यात. घरी फक्त आई, म्हणजे माझी बयनाआत्या. करण पोटासाठी लग्नाचे फोटो काढायचा, पण त्याचा जीव दुसऱ्याच फोटोंत होता. गोंडांचे दंडारीचे नाच, कापूस वेचणाऱ्या बाया, पैनगंगेवरचं सकाळचं धुकं. हे सगळे फोटो त्यानं एका ऑनलाइन खात्यात जपून ठेवले होते.

त्या खात्याला दोन कुलपं. पहिलं पासवर्डचं. दुसरं, मोबाइलमधल्या एका ॲपवर दिसणाऱ्या सहा आकड्यांचं. दर अर्ध्या मिनिटाला ते आकडे बदलायचे.

करणनं नवा मोबाइल घेतला तेव्हा जुना आईला दिला. आकड्यांचं ॲप मात्र जुन्यातच राहिलं. हलवताना काही चुकलं तर सगळे फोटो जायचे, ही भीती. मग गरज पडली की तो स्टुडिओतून आईला फोन लावायचा.

"आई, ते आकडे वाच बरं."

"थांब बाबा, चष्मा लावू दे... हं, लिही. चार... पूज... सात..."

शून्याला ती पूज म्हणायची. आता कोण म्हणतं तसं?

करण कामात अडकला असला की हाच फोन पियुष लावायचा. पियुष जैनथचा, करणचा शाळेपासूनचा दोस्त आणि स्टुडिओतला भागीदार. पासवर्ड त्याला पाठ होता. आत्याच्या हातच्या भाकरी खाऊन तो मोठा झाला होता. त्याचा फोन आला की आत्या आधी विचारायची, "जेवला का?" आकडे त्यानंतर.

गेल्या उन्हाळ्यात एक दिवस पियुष हैदराबादला निघून गेला. स्टुडिओची किल्ली शेजारच्या दुकानात ठेवून. करणला एक शब्द नाही. करणनं फोन केले, त्यानं उचलले नाहीत.

भाद्रपदात आत्या गेली. शेतातून आली, पाणी प्यायला ओट्यावर बसली... आणि उठलीच नाही.

करणनं पियुषला कळवलं नाही. ज्याला जाताना सांगावंसं वाटलं नाही, त्याला काय कळवायचं?

तेरवी झाल्यावर त्यानं आकडे हलवले. मी शेजारीच बसलो होतो. जुन्या मोबाइलवर एक काळापांढरा चौकोन आला, त्यानं नव्या मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरला. झालं. आकडे नव्यात आले.

मग जुन्या मोबाइलनं विचारलं, इथले आकडे काढून टाकायचे का?

करणचं बोट थांबलं...

मग त्यानं 'हो' दाबलं. आईचं सिम काढून खिशात ठेवलं, मोबाइल बंद केला.

"आता कोनाले विचाराची गरज नाही," तो म्हणाला, आणि उठून बाहेर गेला.

दिवाळीच्या तोंडावर त्याला कुणीतरी व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. हैदराबादच्या कुठल्याशा स्पर्धेत पहिला आलेला. खाली विजेत्याचं नाव, पियुष.

फोटोत कापसाचं रान. ओटीत कापूस भरलेली एक बाई मागं वळून हसतेय.

बयनाआत्या.

फोटो करणनं काढला होता. अजून कोणालाच दाखवला नव्हता. तो फक्त त्या खात्यात होता.

करणनं खातं तपासलं. दसऱ्याच्या दोन दिवस आधी ते हैदराबादेतून उघडलं गेलं होतं. पासवर्ड बरोबर. सहा आकडे... तेही बरोबर. पहिल्याच झटक्यात.

नवा मोबाइल तर त्यानं कधी कुणाच्या हातात दिला नव्हता.

पियुष दिवाळीला घरी आल्याचं कळलं, तशी करणनं गाडी काढली. जुना मोबाइल आणि सिम सोबत घेतलं. यातून आकडे कसे चोरले, ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं होतं.

पियुष अंगणात बाजेवर बसला होता. करणला बघून त्यानं मान खाली घातली.

"फोटो कोनाचा हाय?"

"तुहा."

"मंग खाली नाव तुहं काऊन?"

"चुकलं माहं. वाटलं, एकदा नाव झालं की तुले सांगीन..."

"माही माय हाय ते, पियुष! तिले बी विकलं तू?"

पियुष बाजेची दोरी नखानं उकरत होता.

"आकडे कोठून भेटले?"

आता पियुषनं मान वर केली. त्याला प्रश्नच कळला नव्हता.

"कोठून म्हंजे? काकूले फोन लावला. नेहमीसारखा."

अंगणात कोंबड्या टोचत होत्या. कुठंतरी एक फटाका वाजला.

"कवा?"

"दसऱ्याच्या दोन दिवस आंधी."

"काय... काय म्हनली ते?"

"जेवला का, इचारलं. मंग आकडे सांगतले. मी म्हनलं, करणले नका सांगू. तं म्हनली, नाई सांगत बाबा."



"आई भाद्रपदातच गेली, पियुष."

पियुष हसला. मग त्यानं दाराकडं पाहिलं. त्याची आई देवकाबाई फराळाचं ताट घेऊन उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

"खरं हाय रे. मले वाटलं तुले ठाऊक असंन..."

पियुषचा चेहरा उतरत गेला.

"लाव फोन," करण म्हणाला. "माह्यासमोर लाव."

त्यानं खिशातून जुना मोबाइल काढून बाजेवर ठेवला. बंद, काळा. सिम तळहातावर धरलं.

पियुषनं नंबर लावला. स्पीकर चालू केला.

रिंग गेली...

बाजेवरचा मोबाइल काळाच होता.

पुन्हा रिंग...

कुणीतरी उचलला.

आधी बांगड्या वाजल्या. मग...

"कोन, पियुष? जेवला का बाबा?"

देवकाबाईनं ताट उंबऱ्यातच ठेवलं. पियुष हातातल्या मोबाइलकडं नुसता बघत राहिला.

"बोलत काऊन नाही? आकडे पायजे का? थांब, चष्मा लावू दे..."

काहीतरी चाचपल्याचा आवाज.

"हं, लिही. सहा... पूज... नऊ... नऊ... एक... पूज."

करणनं नवा मोबाइल उघडला. ॲपवर आकडे होते, सहा शून्य नऊ, नऊ एक शून्य.

त्यानं पाहिलं, आणि ते बदलले.

करण मला म्हणाला, मला त्या वेळी भीती वाटलीच नाही. वाटलं, आई आहे. कुठंतरी आहे, चष्मा लावते आहे. तेरवीपासून त्यानं त्या नंबरवर किती वेळा फोन लावला होता. दर वेळी तीच रेकॉर्ड केलेली बाई, नंबर बंद आहे म्हणून सांगणारी. त्याच्यासाठी एकदाही रिंग गेली नव्हती.

तो मोबाइलवर वाकला.

"आई..."

पलीकडं सगळं थांबलं. बांगड्याही.

"आई, मी."

"...कोन?"

"मी करण, आई. तुहा करण."

श्वास ऐकू येत होता. लांब, सावकाश.

मग ती बोलली. एखाद्या परक्या माणसाशी बोलावं तशी, शांतपणे.

"राँग नंबर हाय, बाबा."

फोन कट झाला.

पियुषनं लगेच पुन्हा लावला. या वेळी त्यालाही तीच बाई, नंबर बंद आहे.

पियुषनं स्पर्धावाल्यांना खरं सांगून टाकलं, बक्षीस परत गेलं. करणनं त्याला माफही केलं. दोस्तानं दगा दिला तर निदान भांडता तरी येतं, असं तो म्हणतो. खात्याचा पासवर्ड, आकडे, सगळं नव्यानं बसवलं. त्यानंतर खातं कुणी उघडलेलं नाही.

पण करण अजून सावरलेला नाही. मधेच काम थांबवून मला विचारतो, "दादा, तिनं मले ओळखलंच नाही, का ओळखून तशी म्हनली?"



आत्याचा नंबर माझ्याही मोबाइलमध्ये आहे. अजून काढलेला नाही. कधी कधी बोट त्यावर जातं... मी मागं घेतो.

लागला नाही तर नाही.

पण लागला... आणि तिनं मला ओळखलं, तर करणला काय सांगू?