हात द्यायचा राहिला

चांदपाशाचा रंधा त्याच्या घरी पोचवायचा, एवढ्याच कामाला मी त्या दुपारी देगलूर नाक्याकडे गेलो होतो. मे महिना, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. बसा ना, घाई आहे का? कॉलेजात सांगितलं तर म्हणतील, रामलिंग सरांना ऊन लागलं. तुम्ही निदान ऐकून तरी घ्याल.

चांदपाशा सुतार होता. आमच्या विष्णुपुरीकडच्या कॉलेजातली बाकं, टेबलं त्याच्याच हातची. उजव्या हाताचं एक बोट करवतीनं नेलेलं, पण उरलेल्या चारांत असं कसब की पाचवाल्यांनी लाजावं. यंदा कॉलेजच्या प्रदर्शनाचा विषय मी काढला होता, 'जी विमानं कधी झालीच नाहीत'. त्यात माझं लाडकं एकच. दुसऱ्या महायुद्धातलं, इटलीचं, साव्होया-मार्केटी एसएम ९३. आभाळातून नाक खाली करून बॉम्ब टाकायला निघालेलं विमान. बहुतेक लाकडाचं, बनलं एकच, पुढे कारखान्यात कधी गेलंच नाही. त्याची खरी गंमत पुढे आहे. त्यात वैमानिक बसत नव्हता, पालथा झोपत होता. सूर मारून वर येताना अंगावर भार येतो, तो सोसावा म्हणून. हनुवटीला टेका, छातीखाली फळी, नाकाशी काच.

त्याचा नुसता पुढचा भाग, खऱ्या मापाचा, चांदपाशा बनवणार होता. फळी किती लांब, टेका कुठे, हे ठरवायला एक माणूस पालथा घालून मोजणं भाग होतं. चांदपाशा ऐकेना.

"सर, आमी कबरीच्या फळ्याबी करतो. निजलेल्या माणसाचं माप म्हंजी मेल्याचं माप. जित्याचं घेत न्हाईत."

"अहो, मग विमान कसं व्हायचं?"

तो बराच वेळ रंध्यावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "माझं घ्या. पोरांचं नगं. पण एक हाय. माप घेणाऱ्यानं हात धरून 'ऊठ' म्हनायचं. तवर उठायचं न्हाई. आब्बा सांगायचे."

"उठवीन हो, त्यात काय!" मी म्हणालो.

तो फळीवर पालथा झाला. मी टेप लावली, आकडे लिहिले. तेवढ्यात प्राचार्यांचा फोन. पाहुणे कोण, हार किती, मंडप कुणाचा... बोलत बोलत मी बाहेर गेलो, चहाही घेतला. मागून आवाज आला होता, "सर, उठू का?" मी हातानंच थांबा म्हणालो. अर्ध्या तासानं परतलो तर चांदपाशा गुडघ्यावर बसलेला. पायाला गोळा आला होता.

"मीच उठलो सर. जाऊ द्या." हसला तो, पण माझ्याकडे न बघता.

मी त्याची चेष्टा केली. शिकलेला माणूस ना मी.

काम त्यानं पुरं केलं, काचसुद्धा बसवली. माप घेतल्यापासून बाराव्या दिवशी दुपारी स्वतःच्या दुकानातल्या फळीवर आडवा झाला, तो उठलाच नाही. पालथा सापडला. डॉक्टर म्हणाले, हृदय. असेलही.

तर, कॉलेजात राहिलेला त्याचा रंधा घेऊन गेलो. बेगमबीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पाणी दिलं. रंधा पदरात घेतला आणि हळूच विचारलं,

"सर, तुमी त्यांचं निजलेलं माप घेतलं होतं का?"

"हो."

"सपनात येतेत. पालथे पडून राहिलेत. रोज इचारतेत, उठू का... उठू का..." तिनं रंधा छातीशी धरला. "माझ्यानं न्हाई होत. मी हात दिला तर धरीत न्हाईत. माप तुमी घेतलं, तुमीच उठवा सर. हात धरून. मग त्यांना माती लागंल, सुटतील ते."

मी मान डोलावली आणि तसाच कॉलेजात आलो. सुट्ट्या लागलेल्या. हॉलमध्ये पत्रा तापून कडकड वाजत होता. लाकडाचा, पॉलिशचा वास. मधोमध विमानाचं ते नाक, मागची झडप उघडी.

समोरच्या काचेवर धुकं होतं. आतून. थंडीत तोंडाजवळ आरसा धरल्यावर येतं तसं. त्रेचाळीस अंशात! ते पसरायचं, आटायचं... पुन्हा पसरायचं...

मी झडपेपाशी गेलो. आत अंधार. हात पुढे केला आणि कोपरापर्यंत जाण्याआधीच मागे घेतला. नाही धजलो. लांबूनच म्हणालो, "चांदपाशा... उठा."

आतली फळी करकरली. काच स्वच्छ झाली.

संध्याकाळी बेगमबीला फोन केला. तिनं पहिलंच विचारलं, "हात दिला ना सर?"

"हो, दिला."

ती रडली. दुवा देत राहिली मला. त्या दुवा घेताना माझी जीभ झडली कशी नाही, कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी तिचाच फोन. "सर, आता ते इचारत न्हाईत. नुस्ता हात म्होरं करून राहिलेत."

मी फोन ठेवला आणि तडक कॉलेजात गेलो. हॉलमध्ये आमचा शिपाई व्यंकटी काच पुसत होता. "सर, आतनं-भाईरनं पुसली. ठसा जाईना बघा." आतल्या बाजूनं पंजा उमटला होता. चार बोटांचा. व्यंकटी म्हणाला, सुताराचाच असंल, बसवताना लागला असंल. मी हो म्हणालो. पण काच बसवल्यावर ती मी स्वतः पुसली होती.

त्यानंतर तीनदा गेलो. दरवेळी ठरवून, मनातल्या मनात त्याची माफी मागत. दरवेळी हात झडपेपर्यंत जातो आणि थांबतो. आयुष्यभर पोरांना भीती कशी निराधार असते ते शिकवलं, आणि एका गरीब माणसाला वर ओढायला माझा हात पुढे होत नाही. बेगमबीला खरं सांगायचं धाडसही नाही. ती अजून दुवा देते.

परवा पुन्हा पाहिलं. ठसा काचेवर थोडा खाली सरकला होता, पकड सुटत जावी तसा. बोटं तीनच उमटली होती.

आज सकाळी दोन.