परसातली नववी पिशवी

नववी पिशवी मंगळवारी दुपारी सापडली. शेवग्यामागे, सुक्या पाल्याखाली. रिझवानाने गाठ सोडली. आत दोन भाकऱ्या, थोडं कालवण आणि अख्खा बांगडा. आजच्याच जेवणातला.

ती तिथेच पायरीवर बसली. डोकं भणभणत होतं.

अजमलने, तिच्या नवऱ्याने, गेल्या वर्षी, २००४ मध्ये, कुवेतहून बिरवाडीच्या घरी कॉम्प्युटर पाठवला होता. रिझवाना महाडला क्लास लावून शिकली. आता दर रविवारी ती तक्ता करायची. कुठल्या दिवशी काय शिजेल, घरात कोण असेल, भाकऱ्या किती. बाजारही त्याप्रमाणेच. पूर्वी रोज पातेलंभर अन्न कुत्र्यांपुढे जायचं. तक्ता आला आणि ते थांबलं. चार महिने काही उरलं नाही. मग या पिशव्या सुरू झाल्या.

आधी तिला नणंदेचा, नबीलाचा संशय आला होता. कॉलेजात जाणारी, बारीक व्हायचं खूळ डोक्यात. पण नबीला कालपासून पोलादपूरला मावशीकडे होती.

रिझवाना सासूच्या खोलीत गेली. खोलीचं मागचं दार परसातच, शेवग्याजवळ उघडायचं. गुडघ्यांमुळे शमसुन्निसा दोन्ही वेळा तिथेच जेवायची. तिचं रिकामं ताट खाटेखाली होतं, पुसल्यासारखं स्वच्छ.

"अम्मी, परत पिशवी."

"मी सांगते ते तुला पटत नाय. तुळसा जादा करते नि टाकते. तिला काढ." सासू बांगड्यांना दोरा गुंडाळत होती. हल्ली त्या मनगटावरून निसटायच्या.

स्वयंपाक करणारी तुळसा भांडी घासत होती.

"आज भाकऱ्या किती केल्यास?"

"चार. कागदावर चार हायत."

"दोन मी खाल्ल्या. दोन अम्मींच्या ताटात गेल्या. मग या दोन कुठून आल्या?"

"मला काय ठाव, भाभी?"

"बांगडे किती तळलेस?"

"दोनच. दोनच आणलेले तुम्ही."

"तुळसा, मला वेड लागायची पाळी आलीय. उद्यापासून येऊ नकोस."

तुळसाने हातातली परात धुऊन पालथी घातली आणि ती गेली.

रिझवानाला बरं वाटलं नाही. बांगडे खरोखर दोनच आणले होते. तिने पिठाचा डबा तराजूवर ठेवला. सकाळी मोजून भरला होता. चार भाकऱ्यांचंच पीठ कमी झालं होतं.

ती कॉम्प्युटरसमोर बसली. तक्त्यात एक रकाना वाढवला आणि पिशव्या सापडल्याच्या नऊ तारखा भरल्या. मग शेजारचा रकाना वाचला. भाकरी-मटण. भाकरी-बांगडा. भाकरी-वाल. नऊच्या नऊ वेळा भाकरी. खिचडी, पेज, शेवया असलेल्या एकाही दिवशी पिशवी नव्हती.

तिने सगळं दोनदा तपासलं.

सकाळी ती तुळसाच्या दारात गेली आणि तिला घेऊन आली. नबीलाही पोलादपूरहून पोचली होती. तिघी सासूच्या खोलीत गेल्या.

"हिला कशाला आणलीस?" सासूने विचारलं.

"चूक माझी होती म्हणून. अम्मी, पीठ चार भाकऱ्यांचंच गेलं. म्हणजे जादा काही शिजलंच नाही. कोणीतरी आपल्या वाटचं टाकलं. नबीला इथे नव्हती. मी माझं खाल्लं."

"माझं ताट बघितलंस ना? साफ होतं."

"तेच चुकलं. बांगडा खाल्ला तर काटे उरतात. तुमच्या ताटात एकही काटा नव्हता, आणि पिशवीत बांगडा अख्खा."

शमसुन्निसाने बांगड्यांवरचा दोरा चाचपला.

"फक्त भाकरीच्या दिवशी पिशवी असते," रिझवाना म्हणाली. "पेज तुम्ही खाता. म्हणजे भूक आहे. गिळता येत नाही. बांगड्या उगाच सैल होत नाहीत, अम्मी."

शमसुन्निसाने मान खाली घातली. "घास इथं अडकतो," ती गळ्यावर हात ठेवून म्हणाली. "माझ्या थोरल्या बहिणीचं असंच झालं. मुंबईला नेली, परत आली नाय. तुम्हांला कळलं तर अजमल नोकरी सोडून येईल." मग ती तुळसाकडे वळली. "तुझं नाव उगाच घेतलं गो. माफ कर."

"जेवत नव्हता ते तरी सांगायचं, चाची," तुळसा म्हणाली. "मी मऊ भात केला असता."

दुपारी रिझवाना सासूला घेऊन महाडला गेली. डॉक्टरांनी गळा चाचपला, वजन घेतलं. "किती दिवस होतंय हे?"

"झाले असतील आठ दिवस," शमसुन्निसा म्हणाली.

रिझवानाने छापून आणलेला तक्ता टेबलावर ठेवला. "सव्वीस. पहिल्या पिशवीपासून."

डॉक्टरांनी तारखांवरून बोट फिरवलं. "अन्ननलिका आखडलेली वाटते. दुर्बिणीतून बघावं लागेल, तेव्हाच नक्की कळेल. पण वेळेत आलात."

शमसुन्निसाने तो कागद जवळ ओढून बघितला. मग तिने सुनेचा हात धरला. "अजमलला तूच फोन कर," ती म्हणाली. "सव्वीस सांग."