नायदेन आजोबांचं उघडं खातं

"आणखी एक गेलं!" रादिना किंचाळली.

वाचनगृहाच्या संगणकावर काल असलेलं कापणीचं गाणं आज नव्हतं. खेडोपाडी हिंडून आजोबांनी रेकॉर्ड करून जमवलेली म्हाताऱ्या बायकांची गाणी रोज एकेक करून नाहीशी होत होती. पडद्यावर लिहिलं होतं, 'पुसणारा : नायदेन.'

पण नायदेन आजोबांना जाऊन महिना होत आला होता! गावभर चिकटवलेल्या शोकपत्रकांपैकी एक वाचनगृहाच्या दारावरही होतं; त्यावरच्या फोटोतून ते रादिनाकडेच बघत होते.

"चाळिसाव्या दिवसापर्यंत गेलेलं माणूस इथंच वावरतं म्हणे," ती पुटपुटली. "गाणी सोबत नेतायत ते."

"नेऊ देत की! तिकडे रेडिओ नसेल," मावसभाऊ ओग्नियान म्हणाला, पण त्याचाही आवाज चिरकला.

"गप रे! आजीचं गाणं गेलं तर?"

घशाच्या आजारानंतर आजी नुसती कुजबुजायची. तिचा गाता आवाज आता एवढ्या एकाच ठिकाणी उरला होता.

ओग्नियानने डोकं खाजवलं. "मला सांग, भुताला पासवर्ड लागतो का गं?"

रादिना चमकली. तिने शोकपत्रकावरची आजोबांची जन्मतारीख टाकून पाहिली. खातं उघडलं! म्हणजे गावातल्या दारांवर, झाडांवर, बसथांब्यावर पासवर्डच चिकटवलेला होता की! तिने तो झटकन बदलला आणि दोघं पुस्तकांच्या कपाटामागे दडली.

भर दुपारी खुर्ची करकरली. रादिनाने श्वास रोखला.

"काय रे नायदेन, आता तूसुद्धा मला आत घेईनास?"

वाचनगृहाच्या चिटणीस, स्तोयका मावशी!

"मावशी, गाणी तुम्ही पुसलीत?" रादिना पुढे आली.

"अगं बाई! जीव गेला असता माझा! नाचाच्या चित्रफितींना जागा हवी होती. रोज एक जड फाइल उडवायची. तिच्यात काय आहे ते उघडून कोण बघतंय!"

"पण आजोबांच्या नावाने?"

"माझा पासवर्ड मी केव्हाच विसरले. आम्ही सगळे त्याच्याच खात्यातून जातो. आणि चाळिसाव्याआधी ते बंद करायचं, म्हणजे मेल्या माणसाला घराबाहेर काढायचं का?"

"म्हणून सगळ्या गावाला दार उघडं ठेवायचं?" ओग्नियान म्हणाला.

मावशींनी लगबगीने खुर्ची मोकळी केली. रादिनाने संगणकाच्या कचरापेटीतून एकेक गाणं परत आणलं, तशा त्या म्हणाल्या, "शाब्बास रे! माझ्यापेक्षा तुम्हीच खरे राखणदार."

चाळिसाव्या दिवशी आजोबांच्या नावाने उकडलेले गहू वाटून झाल्यावर वेला आजी वाचनगृहात आली. रादिनाने तिचं गाणं लावलं. तरुण, खणखणीत आवाज खोलीभर घुमला, थांबला. नुसती खरखर उरली. आणि त्या खरखरीतून आजोबा म्हणाले, "वेला, पुन्हा एकदा म्हण ना."

आजीने रादिनाचा हात घट्ट धरला. तिचे ओठ हलू लागले.