घराकडचा बाण

खोटं वाटलं तर वाटू द्या. अमरदीप माझा सख्खा मावसभाऊ आहे, आणि भुताचं नाव काढलं की आजवर तोच सगळ्यात आधी हसायचा.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. मानोऱ्याजवळच्या एका बंजारा तांड्यावर छोटं संग्रहालय उभं राहत होतं. वाट दाखवणाऱ्या पाट्यांचं काम रिसोडच्या अमरदीपकडे. यादीत 'पारंपरिक निवास' असा भारदस्त शब्द होता. आमच्या शहाण्याने तो खोडला आणि सरळ लिहिलं, 'घर'. फाटकापासून आतल्या मातीच्या झोपडीपर्यंत पाच बाण ठोकले.

एकच पाटी उरली होती. 'बाहेर'.

दुपारचे तीन. आवारात चिटपाखरू नाही. झोपडीच्या दाराशी तो खिळा ठोकणार, इतक्यात...

छन्.

फाटकाकडून. हातभर बांगड्यांचा आवाज.

त्याने वळून पाहिलं... कुणीच नव्हतं.

छन्... पहिल्या बाणापाशी थांबला.

मग दुसऱ्यापाशी.

नवख्या गावात वाट शोधत यावं, तसं कुणीतरी प्रत्येक बाणापाशी थांबत होतं.

तिसरा... चौथा... पाचवा.

त्याच्या अगदी अंगाजवळून काहीतरी आत गेलं. उसाच्या पाचटाचा वास आला. कोसभर कुठे ऊस नाही!

झोपडीत कुणीतरी 'हुश्श' करून खाली बसलं.

अमरदीप मागे सरकला. तेवढ्यात मागून कुणी हात धरला. तो किंचाळलाच. पण ती निता होती, संग्रहालयाची देखरेख करणारी, तांड्यावरचीच.

"दादा, थे पाटी नका लावू."

"काहून?"

"माही याडी आली." याडी म्हणजे आई. "तीन वर्सं झाले, ऊसतोडीले गेली. तिकडच मेली, तिकडच जाळली. तिले घरच सापडत नव्हतं. आता तुमी तिले बाहेरचा रस्ता दाखवता काय?"

तिचे डोळे वाहत होते... आणि ती हसत होती.

अमरदीप घाबरला होताच, पण त्याहून जास्त त्याला तिचं वाईट वाटलं. पाटी त्याने पिशवीत घातली. उद्घाटन झालं. 'बाहेर'चं कुणी विचारलंही नाही.

मागच्या आठवड्यात निताचा फोन आला. आवाज बसलेला.

"दादा... याडी आता एकटी नाही. बाकीच्या बी येऊन राह्यल्या. रोज. कोन कुठं मेली, कोनाले मालूम... झोपडीत पाय ठेवाले जागा नाही."

"मग पाटी लावू?"

तिने फोन झोपडीकडे धरला. मागे बांगड्यांचा नुसता गलका...

"लावली तं याडी बी जाईन, दादा. पन आता एवढ्यांत माही याडी कोनती, हेच मले वळखू येऊन नाही राह्यलं."

अमरदीपने मला विचारलं, काय सांगू तिला?

आठवडा होत आला. 'बाहेर'ची पाटी अजून त्याच्या पिशवीतच आहे. आणि निताचा फोन तो आता उचलत नाही.