पांढऱ्या फेसाची बिस्किटं

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि मनानं देगलूरच्या एका स्वयंपाकघरात चला. ओट्याच्या टोकाला नवाकोरा छोटा ओव्हन मंद तापतो आहे, त्याच्या काचेतून आतली तपकिरी, टोकदार बिस्किटं दिसताहेत, घरभर कोको आणि साखरेचा वास सुटलाय... आणि त्याच क्षणी स्टीलचं पातेलं फरशीवर आदळतं! पांढराशुभ्र फेस भिंतीवर, पायांवर, एका नव्या फ्रॉकवर उडतो!

आता डोळे उघडा. तो फ्रॉक तिसरीतल्या पूनमचा होता, तिच्या वाढदिवसाचा. पातेलं होतं तिच्या आईच्या, धम्मप्रियाच्या हातातलं. आणि ते उडवणारा हात जगदेवी आजीचा होता.

"आंडं फेटून ऱ्हालीस माझ्या घरात?" जगदेवीबाई नुकत्याच मठातून आल्या होत्या. कपाळावरची विभूती घामानं विस्कटली होती. "गळ्यात लिंग बांधणाऱ्यांचं घर हाय हे, प्रिया! काल तुझा भाऊ बिलोलीहून ही मशीन घेऊन आला, तवाच मला वाटलं, पिशवीत आजून कायतरी हाय म्हणून!"

धम्मप्रियानं वाकून पातेलं उचललं आणि ओट्यावर ठेवलं.

त्या फेसात अंडं नव्हतंच, मुलांनो! ते होतं काबुली चण्याचं पाणी. आदल्या दिवशी चणे शिजवून मायलेकींनी ते पाणी आटवून दाट केलं होतं, फ्रीजमध्ये गार केलं होतं आणि मग बीटरनं फेटत, चमचा चमचा पिठीसाखर घालत इतका घट्ट फेस केला होता, की पूनमनं पातेलं डोक्यावर पालथं धरलं तरी थेंब पडला नाही! अर्ध्या फेसात हलक्या हातानं कोको मिसळून बिस्किटं ओव्हनमध्ये गेली होती. उरलेल्यात कोको पडायचा होता, म्हणून तर तो पांढरा होता.

पूनमनं तोंड उघडलं. "आज्जी, ते तर..."

"पूनम! एक शब्द बोलायचा नाही!"

आईचा असा आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता. ती भिंतीला चिकटून उभी राहिली.

गडबड ऐकून पूनमचे बाबा, गुरुबसप्पा, धावत आले. तो कशाचा आहे, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी फेस पाहिला, आईकडे, म्हणजे अव्वाकडे पाहिलं, मग बायकोकडे. "अगं, सांगून टाक ना अव्वाला काय हाय त्यात. मिटून जाईल."

सांगून टाक...! पातेलं पडल्यापेक्षा हे शब्द धम्मप्रियाला जास्त लागले.

"का सांगू?" ती कडाडली. "या घरात आले त्या दिवशी शब्द दिला होता, आत्याबाई, की अंड्याला शिवणार नाही. माहेरी गेले तरी आईनं माझं ताट वेगळं वाढलं! पूनम पोटात होती, अंगात रक्त नव्हतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज एक अंडं खा. तुम्ही माझ्या शेजारीच बसला होता! मी नको म्हणाले... तुमच्यासाठी! आणि आज नुसता पांढरा फेस दिसला, तर तुम्हाला माझं माहेर आठवलं? नाही सांगणार मी! पुरावा दाखवून मिळणारा विश्वास मला नको. बिस्किटं होतील. मी काही न सांगता ती खाणार असाल तर मी या घरची. नाहीतर पूनमला घेऊन मी बिलोलीला चालले!"

जगदेवीबाई पाटावर बसल्या.

दवाखान्यातलं ते बाकडं त्यांना आठवलं. सुनेचा पांढराफटक चेहरा आठवला. तेव्हा 'खा गं' म्हणायला जीभ रेटली नव्हती. घरी येऊन त्यांनी गुपचूप चणे भिजत घातले होते, आणि पुढं रोज सकाळी मूठ मूठ तिच्यासमोर ठेवले होते... पण शब्द? धीराचा शब्द एकही बोलल्या नव्हत्या! सुनेवरचा राग आता उलटा फिरून त्यांचंच काळीज कुरतडू लागला.

ओव्हनची घंटी वाजली. धम्मप्रियानं ट्रे काढला, बिस्किटं निवू दिली, ताटात काढून मध्यभागी ठेवली. कुणी हात पुढं केला नाही.

मग गुडघ्यावर हात टेकून जगदेवीबाई उठल्या. त्यांनी एक बिस्कीट उचललं.

"अव्वा, आधी विचार तरी!" गुरुबसप्पा घाबरले. "त्यात अंडं असलं तर?"

"गप बस तू! बोलायचं तवा बोलले न्हाई, आता कशाला इचारू? आसंल तर आसंल! हिनं माझ्यापायी पोटातल्या लेकरासकट सोसलं. एका घासानं माझा धरम बुडत आसंल, तर बुडू दे!"

पदराआडच्या लिंगाला त्यांनी हात लावला, डोळे मिटले आणि बिस्कीट तोंडात टाकलं. कुर्रर्र... आणि मग काहीच नाही, नुसता गोडवा. डोळ्यांतून मात्र धारा लागल्या.

"धम्मप्रिया," त्या म्हणाल्या. 'धम्म' ऐकून शेजारपाजारचे सुनेचं बौद्ध माहेर ओळखतील म्हणून आजवर नुसतं 'प्रिया' म्हणणाऱ्या त्या तोंडातून पहिल्यांदाच पुरं नाव निघालं! "चुकलं गं माझं."

"माझा राग गेला नाही, आत्याबाई." धम्मप्रिया म्हणाली.

"नको जाऊ दे. लई दिसाचा हाय त्यो. पर हितंच ऱ्हा, आन् हितंच माझ्यावर राग कर!"

तेव्हा कुठं धम्मप्रियाचा बांध फुटला. सासूच्या खांद्यावर डोकं टेकून ती हुंदके देऊ लागली... रागानं, मायेनं, दोन्हीनं.

आणि पूनम? 'एक शब्द बोलायचा नाही' हा आईचा हुकूम अजून कुणी मागं घेतला नव्हता. मग तिनं काय केलं असेल, सांगा बरं?

तिनं फ्रीज उघडला, शिजलेल्या चण्यांची वाटी काढली आणि आजीच्या हातात ठेवली. मग आपल्या फ्रॉकवर उडालेला फेस बोटानं निपटला, एका चण्यावर टोपीसारखा बसवला आणि न बोलता तो आजीच्या तोंडापाशी धरला.